इंजिनाच्या श्वासाचा जमाखर्च

मोटारीची शक्ती वाढवावयाची म्हणजे इंजिनाला अधिक पेट्रोल पाजावयाचे, अशी जी सार्वत्रिक समजूत आढळते ती अर्धीच खरी आहे. कारण एक भाग पेट्रोल पूर्णपणे जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, आणि पेट्रोल वाटेल तितके पुरविण्याची तजवीज कार्बुरेटरचे जेट मोठे करून कोणासही करता आली, तरी हवा मात्र पिस्टन खाली उतरताना निर्माण होणाऱ्या पोकळीत वातावरणाच्या दाबाने जितकी शिरेल तितकीच मिळते. तिच्या वाटेत जी वळणे, ज्या जाळ्या, ज्या अरुंद नळ्या आणि जे तापलेले लोखंड आडवे येते, ते सर्व या प्राप्तीवरील जकातीसारखे आहे. ही जकात अल्प खर्चात कशी चुकवावी, याचा शोध सामान्य ऐपतीच्या माणसांनी ज्या चिकाटीने घेतला, तिचा इतिहास मला यंत्रविद्येतील एक अत्यंत आदरणीय प्रकरण वाटतो. आणि त्या प्रकरणाचा उगम दक्षिण कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटात आहे.

१९३२ साली फोर्ड कंपनीने साधारण गिऱ्हाइकास परवडेल अशा किमतीत व्ही-८ इंजिनाची मोटार विक्रीस आणली. तिच्या इंजिनाचे आकारमान २२१ घनइंच, म्हणजे सुमारे ३.६ लिटर, आणि शक्ती ६५ अश्वशक्ती होती. झडपा सिलिंडरच्या डोक्यावर नसून बाजूला, ठोकळ्यातच बसविलेल्या असल्यामुळे हवेला वळसे घेत आत जावे लागे, आणि हा दोष त्या इंजिनास जन्मभर चिकटून राहिला. तथापि मंदीच्या त्या काळात जुन्या फोर्ड मोटारी थोड्या पैशांत मिळत, सुटे भाग भंगाराच्या आवारांतून हुडकता येत, आणि लॉस एंजेलिसपासून काही तासांच्या अंतरावर म्युरॉक, रोझामंड, हार्पर, एल मिराज अशी कोरडी पडलेली सरोवरे आपल्या मैलोगणती सपाट भूमीसह मोकळी पडलेली होती. गॅरेजांत व कारखान्यांत राबणारी तरुण मंडळी सुट्टीच्या दिवशी तेथे जमत, मोटारीचे मडगार्ड, काच, दिवे असे जे जे उतरविता येईल ते ते उतरवीत, आणि त्याबरोबर कार्बुरेटरवरील हवा गाळण्याचे डबडेही काढून ठेवीत. हवेच्या मार्गातील हा पहिला आणि सर्वथा फुकट फेरफार होता. १९३७ साली तेथील क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापिली. वेगाच्या रीतसर नोंदी होऊ लागल्या, आणि कोणत्या बदलाने काय साधले हे बढाईवर न राहता घड्याळावर ठरू लागले.

दुसरा फेरफार कार्बुरेटरचा. कार्बुरेटरचा गळा अरुंद ठेवावा लागतो, कारण हवेचा वेग तेथे वाढल्यावाचून पेट्रोल ओढले जात नाही. परंतु तोच अरुंद गळा इंजिन वेगात फिरू लागले की हवेला अडवितो. १९३६ पासून फोर्डवर येऊ लागलेल्या स्ट्रॉम्बर्ग ९७ या दोन गळ्यांच्या कार्बुरेटरचा प्रत्येक गळा ०.९७ इंचाचा होता. असे दोन कार्बुरेटर एकाच इंजिनावर बसविले तर हवेचा दरवाजा दुप्पट होतो, हे ध्यानी आल्यावर ते बसविण्यासाठी ॲल्युमिनियमचे ओतीव मॅनिफोल्ड, म्हणजे कार्बुरेटरमधील मिश्रण सिलिंडरांकडे वाटून देणाऱ्या नळ्यांचे जोड, तयार करणारे लहान कारखानदार पुढे आले. कॅन्ससहून कॅलिफोर्नियात आलेले व्हिक एडेलब्रॉक हे मूळचे गॅरेजवाले. त्यांनी आपल्या १९३२ च्या फोर्ड रोडस्टरसाठी असे मॅनिफोल्ड करविले, १९४१ साली रोझामंड येथे ताशी १२१ मैलांचा वेग गाठला, आणि त्यातूनच त्यांच्या नावाचा प्रख्यात व्यवसाय उभा राहिला. दोन कार्बुरेटर एकमेकांशी जुळवून घेणे ही मात्र नाजूक कारागिरी होती. रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे कार्बुरेटरच्या तोंडाशी धरावयाचे, हवेचा सुसाट सुस्कारा ऐकावयाचा, मग तीच नळी दुसऱ्याच्या तोंडाशी न्यावयाची, आणि दोन्हींचा स्वर एक होईतो स्क्रू कणाकणाने फिरवीत बसावयाचे. जे काम मोठ्या कारखान्यांत मापनयंत्रे करीत, ते येथे दहा-वीस पैशांच्या नळीने आणि सरावलेल्या कानाने होत असे.

या विद्येचे मोल पहिल्याने धुळीने वसूल केले. कोरड्या सरोवराची माती पिठासारखी बारीक. गाळणीवाचून धावणारे इंजिन ती खुशाल ओढून घेई, आणि पिस्टनच्या रिंगा व सिलिंडरच्या भिंती पॉलिश-कागदाने घासाव्यात तशा झिजत. शर्यत काही क्षणांत आटोपत असली तरी पुष्कळांना तीच मोटार सोमवारी कामावर जाण्यासाठी लागे, सबब उतरविलेले डबडे पुन्हा जागेवर चढे. आपल्या देशावरील उन्हाळ्यात ट्रॅक्टर आणि जीप ज्यांनी चालविल्या आहेत, त्यांस हा विषय मुद्दाम समजावून सांगावयास नको. तेलाच्या वाटीवरून हवा वळवून तिच्यातील धूळ तेलात पकडणारी ती जुनी गाळणी उघडली म्हणजे तळाशी जो काळा चिखल साचलेला दिसे, तो एरवी सिलिंडरमध्ये गेला असता. साठीच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथल्या के अँड एन या मोटारसायकलवाल्यांनी तेल लावलेल्या सुती जाळीची गाळणी काढली. ती धुऊन पुन्हा वापरता येई आणि हवेस मोकळी वाट देई. तरीही अधिक हवा आणि अधिक स्वच्छ हवा या दोन गोष्टी एकाच वेळी पदरात पडत नाहीत, ही अडचण तिनेही पुरती सोडविली नाही.

दरम्यान बॉनेटवर हवेची तोंडे उघडण्याची लाट आली. धावत्या मोटारीवर आदळणारा वारा इंजिनात कोंबला जातो, अशी तिच्यामागची कल्पना. परंतु हिशेब केला तर ताशी १०० किलोमीटर वेगाला या वाऱ्याने मिळणारा जादा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरतो, आणि ताशी २०० किलोमीटरलाही तो दोन टक्क्यांच्या आतच राहतो. त्या तोंडांचा खरा उपयोग निराळा होता. बॉनेटखालची हवा ८० अंशांपर्यंत तापते, बाहेरची ३० अंशांवर असते, आणि तापलेली हवा विरळ असल्यामुळे आतली हवा ओढणारे इंजिन प्रत्येक घोटात सुमारे १४ टक्के प्राणवायूला मुकते. म्हणजे एक नळी बाहेरच्या थंड हवेपर्यंत नेणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निश्चित लाभाचा उपाय ठरतो. शेव्हरोलेच्या अभियंत्यांनी हवेचे तोंड समोर न ठेवता पुढच्या काचेच्या पायथ्याशी, जेथे वारा अडून दाब वाढतो तेथे नेले, ते याच शहाणपणाने.

याहून सूक्ष्म विचार क्रायस्लर कंपनीतील काही तरुण अभियंत्यांनी केला. रॅमचार्जर्स नावाच्या त्यांच्या क्लबाने १९४९ ची एक जुनी प्लिमथ घेऊन १९५९ साली शर्यतीत उतरविली. झडप बंद होताच हवेच्या स्तंभात जी दाबाची लहर उठते ती ध्वनीच्या वेगाने नळीतून मागे जाते व परत येते; नळीची लांबी नेमकी असेल तर ती लहर झडप पुन्हा उघडण्याच्या क्षणी येऊन थोडी अधिक हवा आत ढकलते. ही लांबी कमीजास्त करून पाहण्यासाठी त्यांनी इंजिनावर उंच नळ्या उभारून त्यांचे तुकडे साध्या रबरी होजने जोडले होते. या तत्त्वाचा थाटाचा आविष्कार १९६० च्या क्रायस्लर ३००-एफ मोटारीत ३० इंच लांबीच्या नळ्यांच्या रूपाने दिसला. पण मला त्या थाटापेक्षा होज आणि क्लॅम्प यांवर भरवसा टाकणारी ती जुनी प्लिमथ अधिक मोलाची वाटते.

पुढे सरकारी अंमल आला, आणि तोही कॅलिफोर्नियातच. १९६७ साली तेथे हवेच्या प्रदूषणाला आळा घालण्यासाठी एअर रिसोर्सेस बोर्ड स्थापन झाले. त्या सुमाराच्या मोटारींत हवेच्या डब्याला एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या अंगाने गरम हवेची नळी जोडलेली असे. थंड इंजिन नीट चालावे आणि धूर कमी व्हावा हा तिचा हेतू. गावोगावचे मिस्त्री त्या डब्याचे झाकण उलटे करून बसवीत, म्हणजे भोवतालची फट उघडून हवा चोहोबाजूंनी आत जाई आणि इंजिन मोठ्याने घुमू लागे. त्या घुमण्याने पिकअप वाढल्याचा जो भास होई त्यात आवाजाचाच वाटा मोठा होता, कारण ती हवा बॉनेटखालची, तापलेलीच असे. नव्वदीच्या दशकात होंडा सिव्हिकसारख्या लहान मोटारींवर तरुणांनी कारखान्याचा प्लॅस्टिकचा डबा काढून ॲल्युमिनियमची नळी बसविण्यास सुरुवात केली, तेव्हा अशा नळीस कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर मुभा मिळण्यासाठी त्याच बोर्डाचा परवाना-क्रमांक लागू झाला.

त्या नळ्यांपैकी ज्यांचे टोक थंड हवेच्या शोधात बंपरमागे, चाकाजवळ, अगदी खाली नेलेले असते, त्यांबाबत आपल्याकडील वाचकांस एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. जुलैमध्ये मुंबईच्या सखल रस्त्यांवर गुडघाभर पाणी साचते. तशा पाण्यातून मोटार नेताना हे टोक बुडाले तर इंजिन हवेऐवजी पाणी ओढते. पाणी हवेप्रमाणे दाबले जात नाही, वर येणारा पिस्टन त्यावर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्या नळीला काही हजार रुपये पडलेले असतात, तिच्यापायी मग सगळे इंजिन उतरवावे लागते. म्हणून फेरफार करणाऱ्याने प्रथम एक पारदर्शक नळी पाण्याने अर्धी भरून, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून, तिचे एक टोक गाळणीच्या पलीकडे जोडावे आणि दुसरे मोकळे ठेवावे. मोटार पूर्ण जोराने चढणीवर घातली असता पाण्याच्या दोन पातळ्यांत १० सेंटीमीटरचे अंतर पडले, तर गाळणीपर्यंतची सारी वाट मोकळी करूनही दाबाचा लाभ सुमारे एक टक्काच होईल, एवढे ती सांगते. आणि तेवढ्यासाठी कारखान्याने उंचावर ठेवलेले हवेचे तोंड खाली उतरवावे की नाही, हे मग ज्याचे त्याला ठरविता येते.