तिरप्या रेषेची कुळकथा

दीर्घिकेतले तारे केंद्राभोवती फिरतात हे आज सर्वांना ठाऊक आहे. पण हे सिद्ध झालं ते तारे सरकताना पाहून नव्हे, तर फोटोच्या काचेवर तिरप्या पडलेल्या रेषांवरून. अमेरिकेतल्या लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांना १९१४ साली कन्या राशीतल्या एका तेजोमेघाच्या वर्णपटात रेषा कललेल्या आढळल्या. हीच आजची सॉम्ब्रेरो दीर्घिका. तेजोमेघाच्या लांबीवर वर्णपटयंत्राची फट धरली, की जवळ येणाऱ्या बाजूचा प्रकाश निळ्याकडे सरकतो, लांब जाणाऱ्या बाजूचा तांबड्याकडे, आणि रेषा कलते. किती कलली यावरून वेग काढता येतो. पुढे फ्रान्सिस पीज यांनी देवयानी तेजोमेघाच्या अशाच एका वर्णपटासाठी अनेक रात्री मिळून ८४ तास काच उघडी ठेवली. तेजोमेघ म्हणजे स्वतंत्र दीर्घिका, हेही तेव्हा ठरलेलं नव्हतं!

हा पुरावा आडवळणाचा, त्यापेक्षा सरळ ताऱ्यांच्या जागाच का मोजू नयेत, असं कोणी म्हणेल. एड्रियन व्हॅन मानेन यांनी तेच केलं. काही वर्षांच्या अंतरानं घेतलेल्या काचा ताडून १९१६ साली त्यांनी एम १०१ या तेजोमेघाची एक फेरी सुमारे ८५,००० वर्षांत होते असं काढलं. हार्लो शॅप्लेसारख्या खगोलशास्त्रज्ञांनी त्यावर विश्वास ठेवला. १९३५ साली हबल यांनी ते मोजमाप टिकत नाही हे दाखवलं. इतक्या लांबवरचं सरकणं त्या काचांच्या आवाक्यातच नव्हतं. वेगामुळे पडणारा रेषेचा कल मात्र अंतरानं कमी होत नाही. आडवळणाची वाटच भरवशाची निघाली.

म्हणूनच या कथेची सुरुवात व्हेरा रुबिन यांच्या १९७० सालच्या मोजमापापासून करणं मला पटत नाही. होरेस बॅबकॉक यांना १९३९ सालीच देवयानीच्या कडेचे वेग अपेक्षेपेक्षा जास्त आढळले होते. सूर्यमालेत जवळचा बुध सेकंदाला ४७ किलोमीटर धावतो, तर लांबचा नेपच्यून जेमतेम साडेपाच. तशी उतरण इथे दिसली नाही. बॅबकॉक यांनी त्याचा दोष प्रकाशशोषणावर किंवा गतीच्या अपुऱ्या समजेवर ठेवला, आणि विषय तिथेच थांबला. व्हेरा रुबिन व केंट फोर्ड यांनी १९७० साली प्रतिमावर्धक नळी वापरून देवयानीतल्या ६७ वायुमेघांचे वेग मोजले. रुबिन यांचं श्रेय पहिलेपणात नाही, चिकाटीत आहे. १९८० पर्यंत २१ दीर्घिकांचे आलेख हाती आले, आणि बहुतेकांत वेग कडेपर्यंत उतरत नव्हता. एखाद्या दीर्घिकेचा विक्षिप्तपणा म्हणून ते झटकणं आता शक्य नव्हतं. रेडिओ दुर्बिणींनी हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर लहरी मोजून, तारे जिथे संपतात त्याच्याही पलीकडे तेच दाखवलं.

कडेचे हे वेग टिकायला न दिसणारं जादा वस्तुमान, म्हणजे कृष्णद्रव्य, असावं असं मानतात. यावरून ते सिद्ध होतं का? मोर्देहाय मिल्ग्रॉम यांनी १९८३ साली गतीचा नियमच बदलून पाहावा असं सुचवलं, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. पण वाद आहे तो अर्थाचा. मोजमापावर दोन्ही पक्षांचं एकमत आहे. नारायणगावाजवळच्या खोडद इथली महाकाय रेडिओ दुर्बीणही दीर्घिकांमधल्या हायड्रोजनचे वेग याच तत्त्वावर मोजते.