अंबोनची दुहेरी वाट

मालुकू बेटांतल्या लवंग-जायफळासाठी डच तेथे जाऊन बसले, हे आपण सर्वांनी शाळेत वाचले आहे. पुढचे सहसा कोणी सांगत नाही. १९ जानेवारी १९९९ रोजी, ऐन ईदच्या दिवशी, इंडोनेशियाच्या त्या बेटांतील अंबोन शहरात एक ख्रिस्ती गाडीवान व एक मुसलमान तरुण यांची बाचाबाची झाली. आमच्या एस. टी. स्टँडावर असली भांडणे चहावर मिटतात. तेथे हजारो माणसे मेली, लाखो निर्वासित झाली. सुहार्तो १९९८ मध्ये गेले होते, रुपया कोसळला होता. नोकऱ्या कोणाच्या नि बाजार कोणाचा, हा तंटा जुनाच होता. धर्म त्यावर येऊन बसला.

संपाच्या दिवसांत आम्हीही धान्य वाटले आहे. पंगत मोडते ती धान्य सरल्याने नव्हे, 'त्यांना आधी दिले' या एका वाक्याने! अंबोनात तर मदतनिसालाच पलीकडच्या वस्तीत पाऊल टाकता येईना. म्हणून माणसे दुहेरी, वाटा दुहेरी. विमानतळ उपसागरापलीकडे, तेथवर होडीने जायचे. समुद्रही दयाळू नव्हता. २९ जून २००० रोजी हल्माहेराहून निर्वासितांना नेणारे 'चहाया बहारी' जहाज सुमारे पाचशे माणसांसह बुडाले.

मालिनोचा करार फेब्रुवारी २००२ चा. पण त्याआधीच वस्त्यांच्या सीमेवर दोन्हीकडचे लोक, त्यांत बायका पुष्कळ, बाजार मांडू लागले होते. त्या बाजारांना नाव पडले 'बाकू बाए'. भांडून पुन्हा गट्टी करताना तिथली पोरे हेच म्हणतात.