तळटीप १४ : 'डाग नसलेली गुरे'

१४. डाग नसलेली गुरे : जानेवारी १७७८ मध्ये न्यू स्पेनच्या उत्तर सरहद्दीचा प्रमुख सेनापती तेओदोरो दे क्रॉय याने टेक्सासमधली मालकाचा डाग नसलेली सगळी मोकाट गुरे-घोडी राजाच्या मालकीची ठरवली आणि ती धरण्यावर कर बसवला. सान आंतोनियोच्या परिसरातल्या मिशनांनी आणि कुरणमालकांनी याविरुद्ध तक्रारी केल्या. त्यातून निघालेले अर्ज, जबान्या आणि हिशेब हेच आज अभ्यासकाचे मोठे साधन आहे. यांतले बरेच कागद 'बेहार दप्तर' या संग्रहात असून १८९९ पासून तो ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाकडे आहे.

हे दप्तर वाचताना एक भान हवे. तंटा मालकीचा असल्याने कागदांत मालक ठळक दिसतात. पण मिशनांची गुरे प्रत्यक्ष राखणारे, घोड्यावरून वळणारे बहुतेक जण तिथले मूलनिवासी होते. त्यांची नावे शोधायची तर मिशनांच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदवह्या सोबत वाचाव्या लागतात. फ्लोरेसव्हिलजवळ एस्पादा मिशनच्या 'रांचो दे लास काब्रास'चे अवशेष आहेत. तिथे गुराखी सहकुटुंब राहत. या माणसांना वगळून लिहिलेला कुरणांचा इतिहास अपुराच राहील. — संपा.