डेकचं तिकीट

मनीमाजऱ्यात पाणी म्हणाल तर जवळच्या सुखना तलावाचं, नाहीतर पावसाळ्यात घग्गरला येतं तेवढंच. गच्चीवरून दिसतात ते कसौलीकडचे डोंगर. चंडीमंदिर छावणीतली ह्यांची नोकरी संपल्यावर आम्ही इथेच घर घेतलं, आणि देवगडचं घर आवरताना माझ्या वाट्याला आलेल्या वस्तू निघाल्या सगळ्या बोटीच्या. पितळेचा फिरकीचा तांब्या, मामंजींचं नाव नि 'मु. पो. देवगड' रंगवलेली पत्र्याची ट्रंक, वळकटीची सतरंजी आणि तिचे चामडी पट्टे. समोरच्या बीजींनी त्या पाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी त्या स्वतःची ठेव घेऊन आल्या: इटालियन बोटीवरचं जेवणाचं मेन्यूकार्ड, १९६४ सालचं, वर रंगीत चित्र.

दोन्ही घरांत बोटीचा अभिमान सारखाच. पण वस्तू किती वेगळ्या! त्यांना बर्थ होती, टेबल होतं, वाढपी होता. म्हणून बोटीने दिलेली वस्तू त्यांच्याकडे उरली. आमच्याकडे उरलं ते आम्हीच बरोबर नेलेलं. आमचं तिकीट डेकचं; डेकच्या माणसाला बोट जागेपलीकडे काही देत नसे, आणि जागासुद्धा सतरंजी आधी कोण पसरतो त्याच्यावर.

कोकणच्या किनाऱ्यावर उतारूंची वाहतूक बरीच वर्षं बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या हातात होती. तिच्याशी टक्कर द्यायला देशी भांडवलाची एक कंपनी उभी राहिली. कागदोपत्री तिचं नाव इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन, पण लोक तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. तिच्या बोटींना संतांची नावं: तुकाराम, रामदास. हरणै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही बंदरं मामंजी रेल्वेच्या स्टेशनांसारखी एका दमात म्हणून दाखवत. भाऊच्या धक्क्यावरून 'रोहिदास' किंवा 'चंपावती' सुटली की कुठल्या बंदरात अंधार पडणार, कुठे पहाट होणार, हे त्यांना पाठ होतं.

बहुतेक बंदरांत बोट धक्क्याला लागतच नसे. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकायची, भोंगा द्यायची आणि किनाऱ्यावरून पडाव निघायचे. खरी परीक्षा तिथे. लाटेवर पडाव वर येतो, त्या क्षणाला शिडीवरून पाय टाकायचा. तांडेल दंडाला धरून आत ओढतो. मूल आधी वरून खाली दिलं जायचं, मग बोचकं, मग बाई. सासूबाई नववारीचा काष्टा घट्ट मारून उतरायच्या आणि उतरल्यावर पहिल्यांदा तांब्या मोजायच्या, मग मुलं, असं दीर अजून चिडवतात. तांब्याचं झाकण आट्याचं, फिरवून बंद होणारं, म्हणून बोट कितीही डोलली तरी पाणी सांडत नसे. बोट लागलेल्या माणसाला ते घोटभर पाणी आणि आमसूल, एवढंच औषध.

डेकवर वास कसला यायचा हे मात्र आठवणी सांगताना सगळे गाळतात. कोळशाचा धूर, सुकी मासळी, ओकाऱ्या, आणि मे महिन्यात या सगळ्यावर हापूसच्या पेट्यांतल्या गवताचा घमघमाट. मामंजी फक्त शेवटचा सांगायचे.

पावसाळ्यात बोटी बंद. मुंबईत गिरणीत असलेल्या माणसाला घरी मयत झालं तरी कोल्हापूरवरून फोंडा किंवा आंबोली घाट उतरून यावं लागे. धरमतरच्या खाडीतल्या, रेवसकडच्या जवळच्या फेऱ्या तेवढ्या पावसातही चालत, आणि त्यातच 'रामदास' गेली. ती १९३६ साली इंग्लंडात स्वान हंटरच्या गोदीत बांधलेली. टायटॅनिकच्या वाचलेल्या उतारूंना उचलणारी 'कार्पेथिया' याच गोदीची. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली. बिनतारी यंत्रणा नाही, त्यामुळे मुंबईला कित्येक तास पत्ताच नव्हता. मासळी घेऊन निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी हाताला लागले तेवढे वाचवले. सहाशेहून जास्त माणसं बुडाली. महिन्याभरात स्वातंत्र्य आलं आणि त्या गजरात हा आकांत झाकला गेला. आमच्या घरात बोटीच्या गप्पा रंगायच्या, पण त्यात कोणी 'रामदास'चं नाव काढलं की सासूबाई उठून आत जायच्या.

बीजींची गोष्ट मुंबईच्याच बेलार्ड पियरची. पंजाब आणि समुद्र यांचं नातं विचित्र वाटेल, पण रेल्वेने ते केव्हाच जोडून दिलं होतं. १९१२ साली सुरू झालेली पंजाब मेल बेलार्ड पियरच्या धक्क्यावरूनच सुटे; विलायतेची बोट लागली की साहेब आणि टपाल थेट गाडीत. पुढे १९२८ च्या सप्टेंबरात फ्रंटियर मेल आली, आणि हिवाळ्यात तीही धक्क्यापर्यंत जाऊ लागली. साहेब गेल्यावर दुआबातली माणसं त्याच वाटेने उलट्या दिशेला निघाली. राष्ट्रकुलातून येणाऱ्यांना अडवणारा ब्रिटनचा कायदा १ जुलै १९६२ ला लागू झाला. बीजींचे सरदारजी त्याच्या आत, १९६१ मध्ये पोचले. मागाहून बीजी गेल्या त्या लॉइड ट्रिएस्टिनोच्या बोटीने. 'आसिया' आणि 'व्हिक्टोरिया' या त्या कंपनीच्या १९५३ च्या जुळ्या बोटी. एडन, सुएझ, पोर्ट सैद, मग इटली; पुढे रेल्वेने लंडन. मेन्यूकार्डावरचं काय खाल्लंत, असं मी विचारलं तर बीजी म्हणाल्या, "पुत्तर, मैं तो पिन्नियाँ खा के गई।" म्हणजे गावाहून नेलेल्या पिन्न्या आणि आंब्याचं लोणचं. टेबल असूनही शिदोरी सुटली नव्हती! माझ्या सिद्धान्ताला बीजींनी असा सुरुंग लावला, आणि मला ते आवडलं.

१९६७ च्या युद्धात सुएझ बंद पडला, तो १९७५ पर्यंत. आफ्रिकेला वळसा घालून कोण जाणार? विमानाचं तिकीटही आवाक्यात येऊ लागलं होतं. पी अँड ओ ची मुंबईची उतारू वाहतूक १९७० मध्ये थांबली. कोकणात चौगुल्यांच्या 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' या बोटी आणखी काही वर्षं धावल्या, पुढे ऐंशीच्या दशकाअखेर त्याही गेल्या.

२०१८ साली मुंबई–गोवा 'आंग्रिया' सुरू झाली तेव्हा आमची भाची हौसेने जाऊन आली. वातानुकूलित खोली, जेवण तिकिटातच. देवगड रात्री केव्हा मागे पडलं, तिला कळलंही नाही. बोट तिथे थांबणार नव्हतीच.

कोकणच्या बोटी सरकारने बुडवल्या, असं मामंजी नेहमी म्हणत. खरं सांगायचं तर त्या आम्हीच सोडल्या. मुंबईहून देवगडला थेट एसटी सुरू झाली त्या वर्षीपासून मामंजींनी बोटीचं तिकीट काढलं नाही. पावसाळ्यातही दारात उतरवणारी गाडी मिळाल्यावर पडावात उड्या मारायला कोण जातंय? एसटीने ते पुढे आयुष्यभर फिरले, आणि तिची एकही गोष्ट त्यांनी आम्हाला सांगितली नाही.