त्रिज्येतली ज्या

आलेख काढणाऱ्या ‘ग्नूप्लॉट’ या प्रोग्रॅमकडे नुसता ‘साइन क्ष’चा आलेख मागितला, तर तो क्षच्या किमती उणे १० ते १० धरतो आणि तीनपेक्षा थोड्या जास्त लाटा काढून दाखवतो. त्याला एवढेच सांगितले, की कोन अंशांत मोज, की लाटा नाहीशा होतात. पडद्यावर उरते एक तिरपी, जवळजवळ सरळ रेघ. सूत्र तेच, मर्यादा त्याच. पण आता क्ष फक्त १० अंशांपर्यंत जातो, आणि १० अंशांची साइन जेमतेम ०.१७ भरते.

मुद्दाम वेगळे सांगितले नाही, तर हा प्रोग्रॅम कोन रेडियनमध्येच मोजतो. शाळेत अंश शिकलेल्या मुलाला हा हट्ट वाटतो. त्यामागचे कारण समजून घ्यायची एक वाट शब्दांतून जाते, आणि तिचा बराचसा भाग आपल्या ओळखीच्या प्रदेशातला आहे.

आधी प्रोग्रॅमच्या नावाविषयी. थॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली यांनी १९८६ मध्ये तो लिहायला घेतला. दोघांचे ‘न्यूप्लॉट’ या नावावर एकमत झाले, पण त्या नावाचा प्रोग्रॅम आधीच होता. म्हणून उच्चाराला जवळ असलेला ‘ग्नू’ हा प्राणी त्यांनी नावात आणला. त्याच नावाच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाशी त्याचे नाते नाही. ‘प्लॉट’ मात्र आपल्याला चांगलाच माहीत आहे. इंग्रजीतही तो आधी जमिनीचा तुकडाच होता. मग त्या तुकड्याचा नकाशा झाला, आणि मग कागदावर बिंदू मांडण्याची क्रिया.

सेटिंगमध्ये पहिल्यांदा भेटतात ते अक्ष. अक्ष म्हणजे गाडीचा आस. मराठीतला ‘आस’ अक्षापासूनच झाला, आणि लॅटिनमधला ‘अ‍ॅक्सिस’ त्यांचा भाऊबंद. भूगोलाच्या पुस्तकात पृथ्वीचा ‘आस’ कललेला असतो आणि गणिताच्या पुस्तकात आलेखाला दोन ‘अक्ष’ असतात. एकाच घरातली ही दोन रूपे आपण वेगवेगळ्या तासांना वाटून दिली आहेत. रेडियनही चाकातूनच आला. लॅटिनमध्ये ‘रेडियस’ म्हणजे चाकाचा आरा. त्यावरून घडवलेला ‘रेडियन’ हा शब्द छापून आला तो १८७३ मध्ये, बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजात जेम्स थॉमसन यांनी काढलेल्या प्रश्नपत्रिकेत. वर्तुळाच्या कडेने आऱ्याइतके अंतर चालून गेलो, की मध्यबिंदूपाशी जो कोन होतो तो एक रेडियन.

शब्द १८७३ चा, पण त्यामागचा विचार कितीतरी जुना आहे. तो पाहायचा तर ‘साइन’ उलगडावी लागते.

वर्तुळाची जीवा आपण शाळेत शिकतो. जीवा किंवा ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस हे धनुष्य. गणित करताना अर्धीच दोरी जास्त उपयोगी पडते, म्हणून ‘अर्धज्या’ आली आणि बोलता बोलता तिलाही नुसते ‘ज्या’ म्हणू लागले. अरबांनी ‘जीवा’ घेतली ती ‘जीबा’ म्हणून. अरबीत ऱ्हस्व स्वर लिहायची सक्ती नसल्याने कागदावर उरली ती ‘ज’, ‘य’ आणि ‘ब’ ही अक्षरे, आणि पुढच्या वाचकांनी ती ‘जैब’ अशी वाचली. जैब म्हणजे अंगरख्याची छातीपाशी पडणारी घडी. हिंदीतला ‘जेब’ तिथलाच. बाराव्या शतकात स्पेनमध्ये अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये नेणाऱ्यांनी घडीला घडीचाच शब्द दिला, ‘सायनस’. डोके जड झाले की आपण ज्याला दोष देतो तो सायनस आणि त्रिकोणमितीतली साइन हे असे एकच. शाळेत जीवा आणि साइन दोन्ही शिकणाऱ्या मुलाच्या वहीत एकच शब्द दोन वाटांनी येऊन बसलेला असतो.

आता त्रिज्या. केंद्रापासून परिघापर्यंतच्या रेघेच्या नावात ‘त्रि’ कशाला? हे तीन म्हणजे तीन राशी. वर्तुळाच्या बारा राशी केल्या, तर तीन राशींचे ९० अंश होतात. तीन राशींची ज्या म्हणून त्रिज्या. ९० अंशांची अर्धज्या केंद्रापासून परिघापर्यंत पोचते, म्हणजे ती त्या आऱ्याइतकीच असते. मला हा शब्द आपल्या परिभाषेतला सर्वांत सुंदर शब्द वाटतो, कारण त्यात व्याख्याच साठवलेली आहे.

आर्यभटाने ४९९ च्या सुमारास ज्यांचे कोष्टक दिले. परिघाच्या २१६०० कला, म्हणजे एका अंशाच्या ६०. तेच एकक त्याने सरळ दोरीलाही लावले. कंस आणि दोरी एकाच पट्टीने मोजायची म्हटल्यावर त्रिज्या किती कलांची, हा प्रश्न आलाच. उत्तर ३४३८. आणि एक रेडियन म्हणजे ५७ अंश १८ कला, म्हणजे ३४३८ कलाच! कोष्टकाची सुरुवात पाहा. २२५ कलांच्या कंसाची ज्या २२५. पुढच्या पायरीला वाढ २२४, मग २२२. कोन लहान असेतो कंस आणि दोरी यांत फरकच दिसत नाही, आणि तो दिसत नाही कारण दोन्हींचे एकक एक आहे. प्रोग्रॅमचा रेडियनचा हट्ट हाच आहे. अंश निवडले की दोरी एका पट्टीने मोजली जाते आणि धनुष्य दुसऱ्या.

कोष्टकात ९० अंशांपर्यंत २४ नोंदी आहेत. ग्नूप्लॉट काही न सांगता १०० नमुने घेतो आणि मधली जागा सरळ रेघांनी जोडतो. ‘साइन ५० क्ष’ला हे पुरत नाही. उणे १० ते १० मध्ये तिच्या १५९ लाटा होतात, आणि १०० बिंदूंतून भलताच आलेख उमटतो. म्हणून नमुने काही हजारांवर न्यावे लागतात. ‘नमुना’ हा फारसी शब्द, पण दोन नोंदींच्या मधली किंमत कशी काढायची याची चिंता इथली जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने ६६५ च्या ‘खंडखाद्यक’मध्ये त्यासाठी दिलेली रीत सरळ रेघेवर थांबत नाही, फरकांचे फरकही ती हिशेबात धरते.

रेडियन पहिल्यांदा शिकवताना वर्गात हीच २४ टिंबे मांडून घ्यावीत, असे मला वाटते. आडव्या अक्षावर ० ते ५४०० कला, उभ्यावर ० ते ३४३८. दोन्ही अक्षांवरचे प्रमाण समान ठेवायला मात्र ग्नूप्लॉटला वेगळे सांगावे लागते. तेवढे सांगितले, की वक्राची सुरुवात ४५ अंशांत वर चढताना दिसते.