पोट शिवल्यानंतर

6 सप्टेंबर 1901, दुपारी 4.07. बफेलोच्या पॅन-अमेरिकन प्रदर्शनात, 'टेम्पल ऑफ म्युझिक'मध्ये, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅकिन्ले लोकांशी हस्तांदोलन करत होते. समोर आलेल्या लिऑन चोल्गोशच्या रुमालाखाली रिव्हॉल्व्हर होते. दोन गोळ्या सुटल्या. एक पोटात शिरली.

साडेचारच्या सुमारास. प्रदर्शनाचे छोटे इस्पितळ. शहरातले नाणावलेले सर्जन रॉझवेल पार्क नायगारा फॉल्सला दुसऱ्या रुग्णावर शस्त्रक्रिया करत होते. थांबायचे नाही, असे ठरले. मॅथ्यू मॅन यांना बोलावले. ते नामवंत होते, पण स्त्रीरोगतज्ज्ञ.

5.20. ईथरची भूल. ऊन कलले होते. राष्ट्राध्यक्षांचे डॉक्टर रिक्सी आरशाने कवडसा जखमेवर पाडत राहिले. जठराला पुढून एक भोक, मागून दुसरे. दोन्ही रेशमी धाग्याने शिवली. गोळी सापडली नाही. क्ष-किरण यंत्र त्याच प्रदर्शनात मांडलेले होते. ते आणले गेले नाही.

मग प्रश्न आला ड्रेनचा. फुटलेल्या जठरातून आम्ल आणि अन्नाचा अंश मागच्या पोकळीत झिरपतो. नळी किंवा गॉझची वात ठेवली, तर घाणीला बाहेर यायला वाट राहते. मॅन यांनी पोट सलाइनने धुतले आणि ड्रेन न ठेवता शिवले. त्या संध्याकाळचा सर्वांत महागडा निर्णय मला हाच वाटतो. सातच्या आत पट्टी बांधून झाली.

7 ते 9 सप्टेंबर. ताप होता, नाडी शंभरीच्या वर. पण पोट दाबले की मऊ लागे. म्हणजे पेरिटोनिटिस, पोटभर पसरणारा दाह, नाही, असे सगळे धरून चालले. डॉक्टरांची पत्रके आशेची निघाली.

10 सप्टेंबर. उपराष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट निर्धास्त होऊन बफेलोहून निघाले. त्याच रात्री काही टाके काढून वरची जखम अर्धवट उघडावी लागली. पत्रकात कारण दिले: थोडासा दाह.

12 सप्टेंबर, सकाळ. तोंडाने पहिले घन अन्न: टोस्ट, सोबत कोंबडीचे सूप आणि कॉफी. तोवर पोषण मुख्यतः बस्तीने चालले होते.

संध्याकाळ. अस्वस्थता, नाडी क्षीण. अन्न पचले नाही असे समजून रेचक दिले.

13 सप्टेंबर, पहाटेपूर्वी. प्रकृती एकदम ढासळली. हृदयाला उत्तेजक औषधे, सलाइन. दुपारी, डोंगरात फिरायला गेलेल्या रूझवेल्टना शोधत एक वाटाड्या माउंट मार्सीवर चढला.

14 सप्टेंबर, पहाटे 2.15. मृत्यू.

त्याच दिवशी शवविच्छेदन झाले. टाके शाबूत होते. त्यांच्याभोवतीचे जठर मात्र सडले होते, आणि गोळीची स्वादुपिंडाकडे गेलेली वाटही. तासन्‌तास शोधूनही गोळी मिळाली नाही, शेवटी कुटुंबाने थांबवायला सांगितले. पोटभर पसरलेला दाह, ज्यासाठी रोज पोट दाबून पाहिले जात होते, तो जवळजवळ नव्हताच. सडणे जठरामागे चालले होते, आणि तिथे हात पोचत नव्हता.