सोलापुरांत समुद्र

सोलापुरास पाण्याची ओळख नाहीं, असें कोणी म्हणणार नाहीं. सिद्धेश्वराचा तलाव गांवांतच आहे, हिप्परग्याचा तलाव जवळ आहे, आणि उजनीचें धरण झाल्यापासून भीमेचें पाणीही आम्हांस लाभलें. परंतु हें सर्व पाणी गोडें. खारें पाणी येथून अडीचशें किलोमीटरांहून दूर, सह्याद्रीच्या पलीकडे. अशा गांवीं एखाद्या गृहस्थास दिवाणखान्यांत कांचेचें मोठें पात्र मांडून त्यांत समुद्र भरावा व प्रवाळ फुलवावे अशी हौस झाली, तर तिला हसण्यापूर्वीं तिचा इतिहास पाहणें बरें.

ही हौस समुद्रकांठीं जन्मलेली नाहीं. १८४६ सालीं ॲना थिन नांवाच्या एका इंग्रज बाईनें टॉर्कीच्या किनाऱ्यावरून कांहीं प्रवाळ दगडी बरणींत घालून लंडनला आणले. रोज ताजें समुद्रजल कोठून मिळणार? म्हणून तिनें असा उपाय योजिला कीं, तेंच पाणी उघड्या खिडकीशीं एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत पुनःपुन्हां ओतावयाचें. ओतण्याचे हे श्रम तिच्या दासीचे. त्यायोगें पाण्यांत प्राणवायु मिसळे व प्रवाळ जगत. आज तेंच काम विजेचा पंप करतो. शोधाचा मान बाईस मिळाला हें योग्यच. परंतु त्या दासीचें नांव इतिहासांत प्रसिद्ध नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें.

पुढें १८५० सालीं रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञानें पात्रांतील वनस्पति व प्राणी एकमेकांस कसे तारतात हें दाखविलें. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत जनतेसाठीं मत्स्यगृह उघडलें. १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस ह्यानें ह्या विषयावर ग्रंथ लिहिला, आणि त्याच सालीं चार क्षार मिसळून समुद्राचें पाणी घरीं बनविण्याची कृतिही प्रसिद्ध केली. सोलापुरासारख्या गांवाच्या दृष्टीनें ही कृति सर्वांत मोलाची. समुद्र वाहून आणण्याची गरज तिनेंच संपविली.

परंतु ह्या यशाची दुसरी बाजू आहे. गॉसचे ग्रंथ वाचून लोकांच्या झुंडी डेव्हनच्या किनाऱ्यावर लोटल्या, आणि खडकांमधील डबकीं त्यांनीं ओरबाडून काढलीं. गॉसचा पुत्र एडमंड ह्यानें १९०७ सालच्या आत्मचरित्रांत ह्या नाशाबद्दल खेद व्यक्त केला आहे. ज्यानें समुद्राचें सौंदर्य घरोघर नेलें, त्याच्याच लेखणीनें किनारा उजाड केला. ह्या हौसेचा खरा प्रश्न येथेंच आहे.

आमच्याकडे मुंबईस तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्तें उघडलें. तेथें समुद्र समोरच होता. प्रवाळांचें घरगुती पात्र साधण्यास मात्र आणखी एक गोष्ट उमगावी लागली. १९६१ सालीं इंडोनेशियांतील ली चिन एंग ह्यानें आपली पद्धति प्रसिद्ध केली: समुद्रांतील सजीव खडक, सूर्यप्रकाश व हवेचे थोडे बुडबुडे. खडकांतील सूक्ष्म जंतु माशांच्या मळाचें विष निरुपद्रवी करतात, आणि प्रवाळांच्या देहांत राहणारीं शेवाळें प्रकाशावर अन्न बनवून त्यांस पोसतात. पुढें जर्मनींतील हौशी लोकांनीं ह्यास तीव्र दिवे व फेसावाटे मळ काढणारीं यंत्रें जोडलीं.

सोलापुरांत हा खटाटोप मांडणाऱ्यानें प्रथम हिशेब करावा. ५०० लिटरांच्या पात्रांतील नुसतें पाणीच अर्ध्या टनाचें. कांच व खडक ह्यांचा भार निराळा. म्हणून माडीवर पात्र मांडण्यापूर्वीं तुळयांचें बळ पाहावें. समुद्राच्या लिटरभर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे एकदां पात्र भरण्यास १७ ते १८ किलो क्षार हवे. ते विहिरीच्या जड पाण्यांत कालवून चालत नाहीं. पाणी अगोदर यंत्रानें निःक्षार करावें लागतें. पुढें कांहीं आठवडे मासा न सोडतां जंतूंची वाढ होऊं द्यावी लागते. प्रवाळांस साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअसचें पाणी मानवतें, आणि आमच्या वैशाखांत पारा ४० च्या वर जातो. पाणी गार ठेवणारें यंत्र कांहीं तास बंद पडलें, तरी पात्रांतील संसार धोक्यांत येतो. उष्मा वाढला कीं प्रवाळ आपल्या देहांतील शेवाळें बाहेर टाकतात व पांढरे पडतात. १९९८ सालीं लक्षद्वीपच्या समुद्रांत हेंच मोठ्या प्रमाणावर झालें.

खर्चाहून कायदा अधिक महत्त्वाचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत २००१ सालीं कठीण सांगाड्याचे प्रवाळ घालण्यांत आले. आमच्या समुद्रांतून ते काढणें व विकणें गुन्हा आहे. ज्या गोष्टीची लाज डेव्हनला उशिरां वाटली, ती येथें कायद्यानेंच रोखली आहे. मालवणचें सागरी अभयारण्य १९८७ सालीं झालें; आणि विजयदुर्गापासून सुमारें १०० किलोमीटर आंत, आंग्रे ह्यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या समुद्रतळीच्या उंचवट्यावर, प्रवाळांची वस्ती आहे. तेथून तुकडा आणून दिवाणखाना सजविणें म्हणजे देवळाची मूर्ति चोरून देव्हारा मांडण्यासारखें आहे.

मग हौशी माणसानें काय करावें? आमच्या मतें खाऱ्या पाण्याचें पात्र त्यानें खुशाल मांडावें. परंतु त्यांत पैदास-केंद्रांतील मासेच सोडावे. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनें क्लाउनफिश ह्या नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशाची अशी पैदास साधली आहे. विकत घेतांना मासा कोठून आला, हें विचारण्याचा संकोच करूं नये. खडकाच्या जागीं भाजलेल्या मातीचे तुकडे चालतील. सूक्ष्म जंतु त्यांतही घर करतात. प्रवाळ पाहावयाचे असतील, तर मुलाबाळांस घेऊन एकदां मालवणास जावें. पात्राच्या खर्चापुढें त्या प्रवासाचा खर्च थोडाच ठरेल.